कॅसेटच्या सलग रेकॉर्डिंगमधून एकेक भजन वेगळे करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

महालकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. नागपुरातील आमच्या महाल भागातील भजन मंडळाच्या जुन्या कॅसेटी सध्या माझ्याकडे आहेत. १९८० आणि १९९० च्या दशकांत मंडळातीलच लोकांनी साध्या टेपरेकॉर्डरवर केलेली ही रेकॉर्डिंग आहेत. त्यांत बहुतांशी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने, काही अभंग, थोडी कीर्तने आणि रामनवमीच्या एका रात्रीचा जागर आहे.

काही कॅसेटी मी शहरातील एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतल्या. त्यांनी कॅसेटच्या प्रत्येक बाजूची एकच सलग एमपी३ फाइल करून दिली आणि तीही १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबलेली. उरलेल्या कॅसेटी मी घरीच डेकवरून लॅपटॉपमध्ये घेणार आहे. मंडळातील ज्येष्ठांना मात्र प्रत्येक भजन स्वतंत्र हवे आहे, म्हणजे मोबाइलवर किंवा पेन ड्राइव्हवर हवे ते लावता येईल.

शांतता ओळखून आपोआप तुकडे करणारी सोय मी एका सॉफ्टवेअरमध्ये वापरून पाहिली, परंतु काही ठिकाणी एकाच भजनाचे तीन तुकडे झाले आणि काही ठिकाणी तीन भजने एकाच तुकड्यात राहिली. यापेक्षा चांगले काम करणारे, शक्यतो मोफत आणि विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर आहे का? दुकानातून आलेल्या एमपी३ फाइलींचा दर्जा आधीच बेताचा आहे, तेव्हा त्या कापताना आणखी बिघडू नयेत यासाठी काय करावे, हेही कृपया सांगावे.

टेपवाला धंतोलीचा यांचा प्रतिसाद

महालकरजी, सॉफ्टवेअर बदलल्याने आपली अडचण सुटेल असे मला वाटत नाही, कारण शांतता शोधणारी सर्व साधने एकाच तत्त्वावर चालतात. आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेच्या खाली गेली आणि तेथे ठरावीक काळ राहिली, की ती जागा शांत समजली जाते. बाजारात विकत मिळणाऱ्या कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये कोरी फीत सोडलेली असते, म्हणून तेथे हे तत्त्व लागू पडते. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये तशी जागा नसतेच. भजन संपले तरी पेटीचा सूर चालू राहतो, तबलजी हातोडी घेऊन सूर जुळवू लागतो, मागे मुले बोलत असतात, आणि दिवस उन्हाळ्याचे असतील तर या सगळ्यांच्या खाली कूलरची घरघर अखंड चालू असते. उलट कडवे संपवून ध्रुपदाकडे वळताना गायक श्वास घेतो आणि खंजिरी क्षणभर थांबते, तेव्हा भजनाच्या ऐन मध्यावर शांतता पडते आणि सॉफ्टवेअर नेमके तेथेच कापते.

यात भर म्हणजे त्या काळच्या बहुतेक साध्या टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगची पातळी आपोआप राखणारी योजना असे. समोरचा आवाज मोठा झाला की यंत्र पातळी खाली आणी आणि समोर शांत झाले की पातळी वर चढवी. त्यामुळे भजन संपल्यावर दोन-तीन सेकंदांतच मागची कुजबुज आणि फितीची सरसर फुगून वर येते. जेथे शांतता शोधायची, तेथेच आवाज वाढलेला सापडतो. हा दोष कॅसेटमध्येच असल्याने महागडे सॉफ्टवेअर घेऊनही तो जाणार नाही.

तरीही काम सोपे करता येते. मी ऑडॅसिटी सुचवेन. ते मोफत आहे, विंडोजवर उत्तम चालते, आणि २००० सालापासून उपलब्ध असल्याने त्याविषयी मदतही भरपूर मिळते. त्याच्या अ‍ॅनालाइझ यादीत लेबल साउंड्स हे साधन आहे. जुन्या आवृत्त्यांत सायलेन्स फाइंडर आणि साउंड फाइंडर अशी दोन वेगळी साधने होती, त्यांच्या जागी आता हे एकच आहे. हे साधन काहीही कापत नाही, फक्त रेकॉर्डिंगच्या खालच्या पट्टीवर खुणा करून देते, आणि त्या खुणा पुढेमागे सरकवणे, पुसणे किंवा नव्या घालणे आपल्या हातात राहते. आपली पहिली फसगत झाली ती साधनाने थेट तुकडे केल्यामुळे. खुणा असत्या तर त्या थोड्या वेळात दुरुस्त करता आल्या असत्या.

आता मर्यादा कशी ठरवावी ते सांगतो. मूळची मर्यादा वजा ३० डेसिबल असते, ती तशीच ठेवू नये. दोन भजनांमधील थोडा रिकामा भाग निवडून अ‍ॅनालाइझमधील कॉन्ट्रास्ट या साधनाने त्याची सरासरी पातळी मोजावी. समजा ती वजा ४६ आली, तर मर्यादा वजा ४१ किंवा ४२ ठेवावी, म्हणजे फितीची सरसर तिच्या खाली राहील आणि गाणे वर राहील. मोजण्याची पद्धत शिखराची न ठेवता सरासरीची ठेवावी, नाहीतर टाळाचा एखादा खणखणाट किंवा कोणाचे खोकणेही भजन म्हणून मोजले जाईल. शांततेचा किमान काळ मूळचा एक सेकंद असतो, तो तीन किंवा चार करावा. श्वासाच्या जागा त्यामुळे आपोआप वगळल्या जातात. हे आकडे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने काढावे लागतात, कारण रेकॉर्डर बदलला की पातळी बदलते.

खुणा मनासारख्या झाल्या की प्रत्येक खुणेवर भजनाच्या पहिल्या ओळीचे नाव टंकावे आणि निर्यात करताना अनेक फाइलींचा पर्याय घेऊन खुणांनुसार तुकडे करण्यास सांगावे. सगळी भजने आपापल्या नावाने एका फोल्डरमध्ये येतात. ट्रंकेट सायलेन्स नावाचे एक साधनही त्यात दिसेल, त्याच्या वाट्याला जाऊ नये. ते शांततेच्या जागा आखडून टाकते आणि भजनाची लय मोडते.

मानेवाड्याचा संगणकी यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त एमपी३ फाइलींविषयी लिहितो, कारण प्रश्नाचा तो भाग राहिला आहे.

ऑडॅसिटीमध्ये एमपी३ उघडली की ती आधी पूर्ण उलगडली जाते आणि निर्यात करताना नव्याने दाबली जाते, म्हणजे आकार लहान करण्यासाठी ध्वनीतील काही तपशील गाळला जातो. १२८ केबीपीएसच्या फाइलीतून पुष्कळ तपशील आधीच गेलेला असतो. ती पुन्हा दाबली की टाळ आणि खंजिरीच्या झांजा यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होऊ लागतो, कारण तीव्र आणि क्षणिक आवाजांवरच या दाबण्याचा पहिला घाव बसतो. म्हणून या फाइली न उलगडता कापाव्यात. एमपी३ फाइल म्हणजे लहान लहान चौकटींची सलग माळ असते. प्रत्येक चौकटीत १,१५२ नमुने असतात, म्हणजे ४४,१०० हर्ट्झच्या फाइलीत एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची होते. दोन चौकटींच्या सीमेवर कापले तर आतल्या ध्वनीला धक्का लागत नाही. भजनाच्या कामात २६ मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

असे कापणारी दोन मोफत साधने मी वापरतो. विंडोजसाठी एमपी३डायरेक्टकट आहे, ज्यात आलेख पाहून खुणा करता येतात आणि त्या खुणांवर फाइल तुकड्यांत जतन करता येते. दुसरे एमपी३स्प्लिट. हे दिसायला जुनाट आहे, पण त्याचा एक गुण आपल्या फार कामाचा आहे: ऑडॅसिटीने बनवलेली खुणांची फाइल ते वाचू शकते. म्हणजे एमपी३ ऑडॅसिटीत केवळ ऐकण्यासाठी आणि खुणा करण्यासाठी उघडावी, खुणा वेगळ्या मजकूर फाइलीत निर्यात कराव्यात आणि ऑडॅसिटी काहीही जतन न करता बंद करावी. नंतर ती मजकूर फाइल आणि मूळ एमपी३ ही दोन्ही एमपी३स्प्लिटला दिली की मूळ फाइलीचेच तुकडे होतात आणि दर्जात फरक पडत नाही.

त्या मजकूर फाइलीत प्रत्येक ओळीवर सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि नाव एवढेच असते. ती जपून ठेवावी. पुढे कोणी अधिक चांगल्या डेकवरून तीच कॅसेट पुन्हा उतरवली, तर या वेळा थोड्या सरकवून पुन्हा वापरता येतील. दोन डेकची गती तंतोतंत सारखी नसते, म्हणून बाजूच्या शेवटाकडे जाता जाता काही सेकंदांचा फरक पडलेला दिसेल, तेवढा जुळवून घ्यावा लागतो.

फाइली पुष्कळ असतील तर एफएफएमपेग या आज्ञा टंकून चालवायच्या मोफत साधनात सायलेन्सडिटेक्ट हे गाळणेही (फिल्टर) आहे. ते सर्व फाइलींमधील शांततेच्या वेळांची यादी एका दमात काढून देते. परंतु त्याची मूळ मर्यादा वजा ६० डेसिबल आहे. कॅसेटच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढी शांतता कोठेच नसते, त्यामुळे आकडा बदलला नाही तर यादी कोरी येईल.

पेटीवाली काकू यांचा प्रतिसाद

मी धरमपेठेतील एका महिला भजन मंडळात पेटी वाजवते, आणि आमच्या मंडळाच्या कॅसेटींचे हेच काम मी केले आहे. टेपवाले भाऊ सांगतात ते आकडे बरोबर आहेत, पण मी आपोआप खुणा करण्याच्या वाटेला जातच नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूवर सात-आठ भजने असतात. सात-आठ खुणांसाठी मर्यादा मोजा, साधन चालवा, मग चुकीच्या खुणा पुसा, यापेक्षा रेकॉर्डिंग जरा जलद गतीने ऐकत जावे आणि भजन बदलले की कंट्रोल आणि एम ही कळ दाबावी. जेथे ऐकत असू तेथेच खूण होते. नाहीतरी प्रत्येक भजनाचे नाव लिहिण्यासाठी ते ऐकावेच लागते.

मुख्य म्हणजे भजन कोठे सुरू होते हे यंत्राला सांगता येत नाही. आमच्याकडे गायक आधी आलाप घेतो, पेटी सूर धरते, मग पहिली ओळ एकट्याने म्हटली जाते आणि त्यानंतर टाळ-खंजिरी उचलतात. यंत्राच्या लेखी आवाज मोठा होतो तो टाळ सुरू झाल्यावर. तेथे कापले तर आलाप मागच्या भजनाच्या शेपटाला जाऊन चिकटतो. दोन अभंगांच्या मधला गजर कोणत्या अभंगाला जोडायचा, हाही प्रश्न आहे. माझा नियम असा आहे की ज्या अभंगातून गजर निघाला आणि ज्याच्या लयीत तो वाढत गेला, त्यालाच तो जोडावा, कारण ऐकणाऱ्याला त्या चढत्या लयीचा शेवट हवा असतो. याविषयी दुसऱ्या मंडळांचे मत वेगळे असेल, तर त्यांनी जरूर लिहावे.

कीर्तनाचे भजनासारखे तुकडे करू नयेत. नारदीय कीर्तन असेल तर पूर्वरंग, मधले भजन आणि उत्तररंग एवढ्या तीनच खुणा पुरेत. आख्यानात पदे आली म्हणून प्रत्येक पद वेगळे काढले, तर बुवांचा दृष्टांत अर्ध्यावर तुटतो आणि पदाला संदर्भ उरत नाही.

आणखी एक उपाय सुचवते, जो मला फार उपयोगी पडला. ऑडॅसिटीमध्ये आवाजाचा नेहमीचा आलेख बदलून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी किती खालचे-वरचे स्वर आहेत ते दाखवणारे चित्र, पाहता येतो. त्यात कूलरची घरघर तळाशी आडव्या पट्ट्यांसारखी, खंजिरीच्या झांजा वरच्या भागात उभ्या रेघांसारख्या आणि गाणाऱ्याचा सूर एकावर एक नागमोडी रेषांच्या थरांसारखा दिसतो. बोलणे आणि गाणे यांतला फरकही लगेच कळतो. नेहमीच्या आलेखात हे सारे एकाच जाड पट्ट्यात मिसळून जाते. शिवाय पूर्वी रेकॉर्ड करणारा मध्ये टेप थांबवून पुन्हा सुरू करत असे, त्या प्रत्येक जागी फितीवर एक ठोका उमटतो, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये तो वरपासून खालपर्यंत सरळ रेघ होऊन दिसतो. अशी रेघ दिसली की तेथे बहुधा भजन बदललेले असते.

कापताना सुरुवातीला अर्धा सेकंद आणि शेवटी निदान दोन सेकंद राहू द्यावेत. शेवटचा टाळ पूर्ण विरला पाहिजे.

टेपवाला धंतोलीचा यांचा प्रतिसाद

काकूंचा मुद्दा मान्य आहे. भजनांसाठी कानच वापरावा. ज्या कॅसेटींत भाषणे किंवा मुलाखती आहेत, तेथे मात्र लेबल साउंड्स वेळ वाचवते.

उरलेल्या कॅसेटी घरी उतरवताना काही गोष्टी सांभाळाव्यात. डेकच्या लाइन आउटमधून घ्यावे आणि लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत न घालता लहानसे यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरावे, कारण लॅपटॉपची ती खाच बहुधा मोनो असते आणि तिला अतिशय क्षीण संकेताची अपेक्षा असते. सर्वांत मोठा आवाज वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. जतन वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात करावे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट आणि स्टिरिओ असल्यास दर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू साडेचारशे एमबीच्या आसपास जाईल. जागा कमी वाटल्यास फ्लॅक करावे, त्यात आकार बराच कमी होतो आणि ध्वनीतले काहीही गमावले जात नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम करणार असाल तर डेक आणि कूलर एकाच बोर्डावर लावू नये. कूलरचा पंप चालू-बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये कट्ट असा आवाज येतो आणि नंतर तो भजनाचा भाग होऊन बसतो. चार्जर लावल्यामुळे ५० हर्ट्झचा गुंजारव ऐकू येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. कॅसेटी कूलरच्या झोतासमोरच्या कपाटातही ठेवू नयेत, त्या ओलाव्याने फितीवर बुरशी धरते.

एका बाजूचे मूळ सलग रेकॉर्डिंग, त्यावर कोणतीही सफाई न करता, कायम ठेवावे. सरसर कमी करणे, पातळी वाढवणे वगैरे जे काही करायचे ते तुकड्यांच्या प्रतींवर करावे.

महालकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकूंनी सांगितल्याप्रमाणे स्पेक्ट्रोग्राम लावून कीबोर्डवरून खुणा केल्या आणि एक पूर्ण बाजू व्यवस्थित झाली. दुकानातून आलेल्या एमपी३ फाइलीही एमपी३स्प्लिटने कापल्या, त्या ऐकताना फरक जाणवत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. रामनवमीच्या जागरात एक गायक थांबण्याआधीच दुसरा भजन उचलतो आणि खंजिरी तर मध्ये थांबतच नाही. ते वेगळे कसे करावे? तसेच त्या कॅसेटवर खंजिरी इतकी जवळ आहे की गायकाचा आवाज दबला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने गायन आणि वाद्ये वेगळी करणारी साधने आली आहेत असे ऐकतो, त्यांचा येथे उपयोग होईल का? आणि तुकड्यांची नावे मराठीत ठेवली तर माझ्या भाच्याच्या गाडीतील प्लेअरवर चौकोन दिसतात, त्यावरही काही उपाय असल्यास सांगावा.

मानेवाड्याचा संगणकी यांचा प्रतिसाद

जागराविषयी प्रथम. जेथे दोन भजने एकमेकांत गुंफलेली आहेत, तेथे एकच रेषा ओढण्याचा हट्ट धरू नये. ऑडॅसिटीतील खूण बिंदूऐवजी पट्ट्याची करता येते, आणि दोन पट्टे एकमेकांवर आले तरी चालतात. पहिल्या भजनाचा पट्टा त्याचा गायक थांबेपर्यंत न्यावा आणि दुसऱ्याचा पट्टा नवा गायक उचलतो तेथून सुरू करावा. मधले काही सेकंद दोन्ही फाइलींत येतील. त्याला हरकत नाही. एरवी सलग ऐकायचे असेल तर अखंड फाइल आहेच.

गायन आणि वाद्ये वेगळी करण्यासाठी डीझरने २०१९ मध्ये खुले केलेले स्प्लीटर आणि मेटाच्या संशोधकांचे डेमक्स ही दोन नावे प्रसिद्ध आहेत. इंटेलचे ओपनव्हिनो नावाचे मोफत जोडसाधन ऑडॅसिटीतही बसते आणि त्यात ही सोय आहे. डेमक्स आवाजाचे चार भाग करते: गायन, ड्रम, बास आणि उरलेले सर्व. या प्रकारच्या मॉडेलांच्या प्रशिक्षणात फार वापरला जाणारा संच १५० गाण्यांचा, सुमारे दहा तासांचा आहे आणि त्यात मुख्यत्वे पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीत आहे. खंजिरी, टाळ आणि पेटी यांची ओळख तेथून कशी होणार? माझ्याकडील भजनांवर पाहता पेटी बहुतेक ‘उरलेल्या’ भागात गेली, परंतु झांजांचा बराचसा खणखणाट गायनाला चिकटूनच राहिला, आणि समूहाने ध्रुपद उचलले की आवाज फाटू लागला. मोनो कॅसेटवर अडचण आणखी वाढते, कारण डावी-उजवी बाजू वेगळी असण्याचा जो आधार एरवी मिळतो तोही राहत नाही. एकट्या गायकाचे एखादे कडवे ऐकू येण्यासारखे करायचे असेल तर जरूर प्रयत्न करावा, आणि वेगळे काढलेले गायन मूळ रेकॉर्डिंगवर थोडेसे वरून मिसळावे. नुसते गायन ठेवले तर ते यांत्रिक लागते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला यासाठी वेळ लागेल हेही गृहीत धरावे.

नावांचा उपाय सोपा आहे. फाइलीचे नाव रोमन लिपीत ठेवावे, सुरुवातीला दोन अंकी क्रमांक द्यावा, म्हणजे एकच्या पाठोपाठ दहा येत नाही, आणि मराठी नाव फाइलीच्या आतील टॅगमध्ये, म्हणजे गाण्याची माहिती साठवण्याच्या जागेत, लिहावे. एमपी३टॅग नावाच्या मोफत साधनाने हे काम एकगठ्ठा होते. टॅग आयडी३ या टॅगच्या स्वरूपाच्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात जतन करावेत, ते मोबाइलवर नीट वाचले जातात. गाडीतील प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरेच नसतील तर तो चौकोनच दाखवणार, आणि प्लेअर टॅग वाचत असल्यास तसे दाखवणे बंद करून फाइलीचे नाव दाखवण्याची सोय त्यात आहे का, ते पाहावे. पेन ड्राइव्ह फॅट३२ स्वरूपात फॉरमॅट करावा, आणि फाइली क्रमाने एकेक करून त्यात टाकाव्यात, कारण अनेक स्वस्त प्लेअर नावाचा क्रम न पाहता ज्या क्रमाने फाइली टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात.